रद्द केलेलं पान

शुक्रवार, ६ सप्टेंबर

केंद्रीय तपास अधिकारी खिशात वही ठेवतो, म्हणून मीही ठेवायची, असा देवयानीचा हुकूम आहे. "काका, भूमिका अंगात मुरली पाहिजे. जे दिसेल ते लिहा. अंदाज नको, पुरावा." ती आमची दिग्दर्शक. वयानं माझ्या मुलाएवढी, पण आवाज चढला की बँकेतला तिचा हुद्दा लगेच ऐकू येतो. मुकाट्यानं खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दीडशे पानी वही घेऊन आलो.

तर पहिला पुरावा मी स्वतः. जगन्नाथ, वय एकसष्ट, गाव संगमेश्वर, मुक्काम फिंतास. चोवीस वर्षं कुवेतमध्ये इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करतोय. तारा, माझी बायको, सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा सुमेध आणि सून सुखदा पुण्याला. डिसेंबरअखेर नोकरी संपते, तिच्याबरोबर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपतो आणि मी कायमचा पुण्याला जातो. सव्वीस डिसेंबरचं तिकीट काढून झालंय.

नाटकाचं नाव 'चौकी नंबर नऊ'. देवयानीचे वडील रेडिओवर नोकरीला होते, त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी लिहिलं, एकदाच लागलं. ध्वनिफीत नाही, फक्त टाइप केलेली पानं आहेत. सरहद्दीवरच्या एका एकाकी चौकीत नाईक सखाराम मेलेला सापडतो. कागदोपत्री आत्महत्या. दिल्लीहून अधिकारी चौकशीला येतो. सखारामची बायको यमुना म्हणते, माझा नवरा असं करणार नाही. शेवटी कोठारातला माल चोरणारा सुभेदार पकडला जातो. आम्ही हे जसंच्या तसं रेडिओसारखं करणार आहोत. प्रेक्षक हॉलमध्ये अंधारात बसणार, आम्ही शेजारच्या खोलीत मायक्रोफोनपाशी, कुणाला न दिसता. माझ्या चेहऱ्याला हा प्रकार सोयीचा आहे.

शनिवार, १४ सप्टेंबर

पहिली तालीम, देवयानीच्या घरी. सुभेदार म्हणजे अफताब, मूळचा सोलापूरचा, जहऱ्याला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. इतका गोड माणूस आहे की खून केल्यावर माफी मागेल असं वाटतं. मोटारी, बूट, वारा, सगळे आवाजही तोच काढणार. यमुना म्हणजे शामला सिस्टर. जहऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स, माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली.

देवयानीनं वडिलांची पद्धत शिकवली. रेडिओत पानं टाचायची नाहीत. सुटी ठेवायची, वाचून झालं की पान हळूच खाली सोडायचं, उलटायचं नाही. उलटलं की आवाज येतो. सबंध खोली पानांनी भरून गेली.

मायक्रोफोन एकच आहे, त्यामुळे अधिकारी आणि यमुना समोरासमोर हातभर अंतरावर उभे राहतात. सिस्टर वाचायला लागल्या, "साहेब, स्वेटर विणत होते मी. त्यांनी पत्र धाडलं, बाह्या दोन बोटं लांब कर. मरायला निघालेला माणूस बाह्या मोजतो का?" पुढचं वाक्य माझं होतं, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. देवयानी ओरडली तेव्हा आठवलं.

नोंद: सिस्टरच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आता दर शुक्रवारी चार वाजता तालीम. सिस्टरकडे गाडी नाही. मी त्यांना जहऱ्याहून आणतो आणि सोडतो. फिंतास ते जहरा साठ किलोमीटर, दोनदा जाऊन-येऊन दोनशे चाळीस. मला काही वाटत नाही, गाडीला चालणं हवंच.

अफताब म्हणाला, "जगूभाई, मी येतोच की तिकडनं. सिस्टरला बी घेऊन येतो. तुम्ही कशाला एवढी दगदग करता?"

मी म्हटलं, तुझ्या पिकअपचा एसी धड नाही. तो म्हणाला, परवाच नवा टाकला. मी म्हटलं, नव्या एसीचा भरवसा नसतो. तो बराच वेळ माझ्याकडे बघून हसला. का, कळलं नाही.

सिस्टर डब्यात ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी आणतात. आम्ही कोकणातली माणसं, आम्हाला असल्या तिखटाची सवय नाही. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. घरी येऊन पित्ताची गोळी घेतली. सुमेधला फोनवर सगळं वर्णन करून सांगितलं.

तालमीआधी सिस्टरनी सगळ्यांचा रक्तदाब बघितला. त्यांची ती खोडच आहे. माझा एकशे अठ्ठावन्न. "दाबाची गोळी घेताव ना वेळेवर?" त्यांनी विचारलं. घेतो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

गेले तीन शुक्रवार रक्तदाब दीडशेच्या वर. आमच्या इस्पितळात मोजला तर एकशे बावीस. म्हणजे सिस्टरचं यंत्र नादुरुस्त आहे. हे मला सोडून कुणाच्या लक्षात येणार! त्यांच्याकडून यंत्र मागून घेतलं, आज जेवणाच्या सुट्टीत उघडलं, नळी बघितली, झडप साफ केली, आमच्या प्रमाणित यंत्राशी ताडून पाहिलं. एका अंशाचाही फरक नाही. शिपायाचा, बॉसचा, माझा, सगळ्यांचा दाब बरोबर दाखवला.

यंत्र निर्दोष आहे. मग शुक्रवारीच काय होतं? बहुधा ड्रायव्हिंगचा ताण.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

जुन्या संहितेची अकरा ते तेरा ही पानं वाळवीनं खाल्ली आहेत. अधिकारी यमुनेचा जबाब घेतो तो भाग. मी म्हटलं, मी लिहितो. लिहिलं. आज वाचून दाखवलं.

देवयानी बोटांवर मोजायला लागली. "काका, बाबांच्या नाटकात अधिकारी जबाबासाठी यमुनेला एकदा भेटतो. तुमच्या पानांत पाच वेळा. ज्यानं खून केला त्या सुभेदाराला किती वेळा भेटतो?"

"एकदा," अफताब म्हणाला. "ते बी उभ्या उभ्या."

मी म्हटलं, साक्षीदार महत्त्वाचा असतो, बारकावे काढावे लागतात. सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला जरा राग आला, पण त्या हसताना बघून गेला. पाचातल्या तीन भेटी ठेवल्या.

जाताना गाडीत त्यांनी विचारलं, "पुण्याला काय करणार तुम्ही?"

"काही नाही. सुमेधनं खोली तयार ठेवलीय. वाचन, फिरणं."

"हां," त्या म्हणाल्या. मग जहरा येईपर्यंत बोलल्या नाहीत. दमल्या असतील, सकाळची ड्यूटी होती.

शनिवार, २ नोव्हेंबर

पाडवा. काल सिस्टरनी अफताबबरोबर चकल्यांचा डबा पाठवला होता. अफताबला विचारलं, तुला किती दिल्या? म्हणाला, "मला मिठाईचं पाकीट आहे. दुकानातलं."

गेल्या शुक्रवारची आमटी एकदम कमी तिखट होती. त्यांचा हात चुकला असावा. खरं सांगायचं तर मला ती पहिली तिखटच बरी वाटायला लागली होती.

सकाळी ताराच्या फोटोपुढे पणती लावली. दर पाडव्याला ती मला ओवाळायची आणि मी मुद्दाम ताटात चॉकलेट टाकायचो. आज तिच्याशी बोलताना मी बराच वेळ नाटकाबद्दलच बोलत होतो हे नंतर लक्षात आलं. मन चावलं. तारा, रागावू नकोस. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही घडतच नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सिस्टरची ड्यूटी बदलली, आल्या नाहीत. यमुना देवयानीनं वाचली. तालीम अगदी रद्दी. सिस्टरनी यंत्र तेवढं पाठवलं होतं, रक्तदाब अफताबनं मोजला, एकशे वीस. यंत्र सुधारलं एकदाचं.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

नाटकाचा शेवट फार तुटक आहे. अधिकारी यमुनेला सांगतो, 'कागदावरची आत्महत्या मी खोडली, तुमच्या नवऱ्यावर डाग नाही.' ती म्हणते, 'या साहेब.' जीप सुरू होते आणि संपलं. माणूस चार महिने तिथं राहतो आणि असा जातो? मी शेवटच्या, चाळिसाव्या पानाला जोड म्हणून एक पान लिहिलं. चाळीस-ब असा नंबर दिला. त्यात यमुना विचारते, 'निघायची घाई आहे का, साहेब?' अधिकारी म्हणतो, 'नियमाप्रमाणे जावं लागतं. तिथं खोली आहे, कपाट आहे, सगळं लावून ठेवलंय. फक्त मी पोचल्याचं कुणाला सांगायचं, तेवढं ठरलेलं नाही.' ती म्हणते, 'मला कळवा.'

एकदाच वाचलं. मग देवयानी म्हणाली, "काका, नुकतीच नवऱ्याची राख सावडलेली बाई आहे ती. दिल्लीचा अधिकारी तिच्याशी असं बोलतो? बाबा वरून खाली येतील." पान रद्द. सगळ्यांनी आपापल्या गठ्ठ्यातून काढून टाका म्हणाली. मी माझं फाडलं. तिचं बरोबर आहे. तरी वाईट वाटलं.

गाडीत सिस्टरनी एकदम विचारलं, "सव्वीस तारीख पक्कीच ना?" मी हो म्हटलं. त्या काचेबाहेर बघत होत्या. तिथं बघण्यासारखं नुसते विजेचे खांब आहेत.

गुरुवार, १२ डिसेंबर

उद्या प्रयोग. घरात खोकी आणून ठेवली आहेत, एकही भरलं नाही. दोन्ही खिडक्यांतून समुद्र दिसतो म्हणून ताराला हे घर आवडायचं. पुण्याला जायचा आनंद व्हायला हवा. होत नाही, आणि का होत नाही ते शोधायला बसलो तर हाती काहीच लागत नाही. भला तपास अधिकारी!

शुक्रवार, १३ डिसेंबर

प्रयोग झाला. क्रमानं लिहितो.

देवयानीच्या इमारतीच्या तळघरातला हॉल भरला होता. दिवे घालवले. आम्ही शेजारच्या कोठीच्या खोलीत. पुण्याला सुमेध-सुखदा फोनवरून ऐकत होते. पहिला अर्धा तास दृष्ट लागण्यासारखा. स्वेटरच्या वाक्याला भिंतीपलीकडे कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. अफताबनं कबुली देताना खरोखर माफी मागितल्यासारखा सूर लावला, पण तोही चालून गेला.

शेवट आला. मी आत्महत्या खोडल्याचं सांगितलं, पान खाली सोडलं. आता सिस्टरनी 'या साहेब' म्हणायचं. त्यांनी हातातलं एक पान वर घेतलं आणि वाचलं, "निघायची घाई आहे का, साहेब?"

चाळीस-ब! रद्द झालेलं पान! देवयानीचे डोळे कपाळात गेले. माझ्याकडे ते पानच नव्हतं. रेडिओत शांतता म्हणजे मरण, हे तिनंच शिकवलेलं. एक, दोन, तीन, चार सेकंद गेले. पान मीच लिहिलं होतं, मला पाठ होतं. 'नियमाप्रमाणे जावं लागतं,' एवढंच म्हणायचं. सिस्टर पानावरून डोळे उचलून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं,

"घाई नाही. मला जायचंच नाहीये."

हे कुठल्याच पानावर नाही.

सिस्टर म्हणाल्या, "मग?" हेही कुठल्या पानावर नाही. आणि नेमक्या त्या क्षणी गोंधळून अफताबनं जीप सुरू केली. जायचं नाही म्हणणारा अधिकारी घर्रर करून निघून गेला. हॉलमध्ये आधी हसू, मग टाळ्या. फार टाळ्या.

सिस्टरना देवयानीनं घरी सोडलं. मला विचारायलाही कुणी थांबलं नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

कालच्या चुकीचा तपास केला. सुटी पानं हेच मूळ कारण. नंबर नीट न बघता गठ्ठा लावला की रद्द पान आत राहू शकतं. सिस्टरना मेसेज केला: 'काल पान चाळीस-ब चुकून तुमच्या गठ्ठ्यात राहिलं होतं. मनाला लावून घेऊ नका, प्रयोग सावरला.'

दोन तासांनी उत्तर आलं: 'चुकून नाही.'

एवढंच. मी फोन केला, उचलला नाही.

सुमेधचा फोन. म्हणाला, "बाबा, शेवट भारी होता. त्या बाई कोण?" मी म्हटलं, जहऱ्याच्या सिस्टर. तो म्हणाला, "त्याच, ज्वारीच्या भाकरीवाल्या?" मी विषय बदलला. का बदलला? लपवण्यासारखं त्यात काय आहे? हे वाक्य लिहून मी पाच मिनिटं वहीकडे बघत बसलो आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

अर्धी रजा टाकून जहऱ्याला गेलो. तालीम नाही, प्रयोग नाही, कारण नाही. वाऱ्यानं धूळ उठली होती, दवाखान्याच्या पायऱ्यांवरही रेती. सिस्टर तीनला सुटल्या, मला पाहून थबकल्या, आणि शेजारच्या कराक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाच्या टपरीकडे चालायला लागल्या. मी मागोमाग.

"काय, तपास करायला आलाव?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "चुकून नाही म्हणजे काय?"

"म्हणजे मी ठेवून घेतलं होतं. तुम्ही फाडलंव, मी नाही. लिहिणारा तुम्ही, आणि तुम्हालाच ठाव नाही काय लिहिलं ते!" त्यांनी चहाचा कागदी पेला फळीवर ठेवला. "तीन महिने झाले, जगन्नाथराव. माझ्या यंत्रावर तुमचा दाब चढतो, ते तुम्ही खोलून बघितलंव. यंत्र! मला तिसऱ्या शुक्रवारीच कळलं. आमटीतलं तिखट मी कमी केलं, ते तरी कळलं का?"

"मला वाटलं हात चुकला."

"तीस वर्षं झाली, हात चुकला नाही माझा."

मी म्हटलं, "माझं सव्वीसचं तिकीट आहे."

"ठाव आहे. म्हणून तर वाचलं. तुम्ही बोलणार नव्हता आणि विमान थांबणार नव्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला जबरदस्ती नाही करायची. नको असेल तर तसं सांगा. चहा पिऊ, घरी जाऊ."

तेव्हा मी ताराचं बोललो. सगळं. फोटोपुढे काय बोलतो तेसुद्धा. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. म्हणाल्या, "तिच्याशी बोलणं सोडा असं मी म्हणाले का? माझ्या बी घरात फोटो आहे. मी बी बोलते."

मी विचारलं, पुढे कसं? त्यांचं ठरलेलंच होतं, जूनमध्ये नोकरी सोडून कायमचं नांदेडला. म्हणाल्या, "पुण्याला उतरेन."

"पुणं कुठं तुमच्या वाटेवर?"

"जहरा होतं का तुमच्या वाटेवर?"

हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. धूळ होतीच, पण धुळीनं नव्हे. मला शामला आवडते. सप्टेंबरपासून आवडते. हे चहाच्या टपरीवर तिला सांगितलं आणि आता इथं लिहिलं.

बुधवार, १८ डिसेंबर

सुमेधला सांगायचं होतं. दोन दिवस टाळलं. काय वाटेल त्याला? सहा वर्षांत आईची जागा भरायला निघालो, असं? तो लग्नाच्या वयाचा झाला तेव्हा मी असा घाबरलो नव्हतो, आज घाबरलो. मुद्दे कागदावर काढले, तीन वेळा खोडले. इस्पितळातून आल्याबरोबर, चहाही न घेता फोन लावला.

"सुमेध, तुझ्याशी एक बोलायचं होतं. तुला पटलं नाही तर मी..." पुढचं वाक्य मला वाचता येईना. अक्षर माझंच होतं.

तो म्हणाला, "बाबा, आई गेली त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो होतो. तुम्ही येऊन म्हणालात, मी आहे ना. सहा वर्षं तुम्ही आहात. रोज फोन, जेवलास का, औषध घेतलंस का, सुखदा बरी आहे का. मला तुम्हाला एक विचारायचं असायचं आणि धीर व्हायचा नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मग ऑक्टोबरात तुम्ही एकदम आपलं आपण सांगायला लागलात, आज काय जेवलो, कोण काय म्हणालं, कोण कसं हसलं. मी सुखदाला म्हटलं, काही विचारू नकोस, बोलू दे त्यांना."

पलीकडे सुखदाही फोनपाशी आली असावी, बांगड्या वाजल्या.

"आता विचारतो," सुमेध म्हणाला. "बाबा, तुमच्यासाठी कोण आहे?"

"शामला," मी म्हणालो, आणि फोन कानापाशीच धरला. त्यानंही फोन ठेवला नाही.